देवीच्या ताटातला बोंबील

माझ्या राहीकाकीचं सगळं आयुष्य एका भाजलेल्या बोंबलाभोवती फिरलं असं मी तिच्या तोंडावर म्हटलं असतं, तर ती चुलीतलं लाकूड घेऊन माझ्या मागे लागली असती. पण खरं ते खरं. शिवाय आता मला मारायला ती नाही, तेव्हा सांगून टाकतो.

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. अर्धे व्यवहार शहापूरला, अर्धे मुरबाडला. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीत नाचणी, आणि दिवाळीनंतर गवत. गवत कापून, पेंढ्या बांधून गाडीनं कल्याणला न्यायचं, कारण तिथे टांग्यांची घोडी होती आणि घोड्यांना गवत लागतं. घरात माझी आजी गुणाबाई आणि तिचे दोन मुलगे. थोरला लडकू, धाकटा नथू. नथू म्हणजे माझे वडील. ते तेव्हा बिनलग्नाचे होते, म्हणून घरात पाळणा हलवायची सगळी जबाबदारी लडकूकाकांवर पडली होती. माझा जन्म ह्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, पण ही हकीकत घरात इतक्या वेळा आणि इतक्या जणांनी सांगितली की मी तिथेच बसलो होतो असं मला वाटतं.

राही एकतीस साली लग्न होऊन आली. तिच्या दोन गोष्टी लगेच गावभर झाल्या. एक तिचा गळा. लग्नात हळदीला बायका धवले म्हणतात, त्यात राहीनं पहिली ओळ उचलली की मांडवाबाहेर बैल राखत बसलेले गडीसुद्धा आत येऊन उभे राहत. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, चिखलात उतरली की तिच्या गाण्यावर सगळी रांग चालायची. दुसरी गोष्ट म्हणजे बोंबील. मुरबाडच्या बाजारातून सुकी मासळी आली की राही निखाऱ्यावर बोंबील भाजायला बसे, आणि त्यातले निम्मे ताटापर्यंत पोचतच नसत. आजी ओरडायची, "गो, घरात आनखी मानसं हायेत!" राही तोंड भरलेलं असल्यामुळे उत्तर देत नसे.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि मूल नाही. तीन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. खुद्द आजीला लडकूकाका सहा वर्षांनी झाले होते, पण सासू झाल्यावर बायकांना स्वतःचं काही आठवत नाही. आजी उठली आणि राहीला घेऊन गावदेवीला गेली. आमच्याकडे मुलासाठी नवस बोलायची एक रीत होती. जिभेला जे सगळ्यात आवडतं ते मूल होईपर्यंत सोडायचं. कोणी गूळ सोडी, कोणी विड्याचं पान. राहीनं काय सोडायचं हे विचारायची गरजच नव्हती. तिनं देवीपुढे हात जोडून सांगितलं, "पोर झाल्याबिगर बोंबील खायची नाय." आणि आजी पडली कडक. तिनं नुसता बोंबील नव्हे, तर सुकट, जवळा, समुद्रातलं जे जे म्हणून असेल ते सगळं बंद केलं. राहीचं कालवण वेगळ्या मडक्यात शिजायला लागलं. देवीशी व्यवहार चोख असावा असं आजीचं मत होतं.

राहीनं शब्द पाळला. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरातून ती राही हळूहळू निघून गेली.

म्हणजे गेली कुठे नाही, होती घरातच. पण जी बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, ती दळता दळता जात्यावर डोकं टेकून झोपायला लागली. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. अंगाची कातडी खरखरीत झाली. खाणं कमी आणि अंग मात्र सुटत चाललं. गळ्यातली काळी पोत दाटायला लागली तेव्हा आजीनं ती दोरा घालून वाढवली आणि शेजारणींना सांगितलं, "आमच्या घरचं अन्न अंगी लागलं." ऐन उन्हात ती घोंगडी घेऊन बसे. आणि गळा तर गेलाच. आवाज असा जाड आणि घोगरा झाला की हळदीला तिला कोणी बोलवेना. त्याचं तिला किती वाईट वाटलं हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण लडकूकाकांना ते दिसत होतं आणि त्यांना फार वाईट वाटे.

पाळी आधी पुढे-मागे व्हायला लागली, मग महिनेच्या महिने आलीच नाही. झालं! पाळी नाही, पोट सुटलंय, सारखी झोप येतेय. आजीनं दोन आणि दोन चार केले आणि वाडीभर सांगत सुटली. लुगडं आणलं, ओटीची तयारी केली. राहीला आतून काही वेगळं वाटत नव्हतं, पण सासू इतकी हरखलेली पाहून तिलाही खरं वाटलं. महिने उलटत गेले आणि सुईण धोंडूबाईनं एक दिवस पोट चाचपून मान हलवली. आत कोणी नव्हतं. त्या दिवशी राही रडली आणि आजीसुद्धा रडली, दोघी वेगवेगळ्या खोल्यांत.

आता अशा घरात सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. आजीचा भाऊ देवजीमामा वैशाखरे गावात राहत असे. त्याला सगळ्यांचं भलं करायची भारी हौस, त्यामुळे त्याच्यापासून लोक लांब राहत. एकोणचाळीसच्या चैत्रात त्यानं निरोप पाठवला की ठमी नावाची एक मुलगी पाहून ठेवली आहे आणि लडकूचं दुसरं लग्न उरकून टाकायला आपण येतोय. राहीनं निरोप ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "करा दुसरी. मी काय बोलायची नाय." लडकूकाका उठले. त्यांनी गाडीत गवत भरलं, वर राहीला बसवलं आणि मामा पोचायच्या आधीच कल्याणचा रस्ता धरला. मामाची बडबड तिच्या कानावर पडू नये एवढाच त्यांचा हेतू होता.

कल्याणला एक डॉक्टरीणबाई होत्या, शेवंताबाई केळुसकर. त्यांच्या टांग्याच्या घोड्याला आमच्याकडचंच गवत जायचं. बाई दारात उभ्या होत्या. गाडी थांबली आणि त्यांना दिसलं की चैत्राच्या उन्हात, घामाघूम झालेल्या बैलांच्या मागे, एक बाई घोंगडी पांघरून बसली आहे.

"ताप आलाय का हिला?" त्यांनी विचारलं.

"नाय जी. हिला थंडी वाजते," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्सं झाली."

बाईंनी राहीला खाली उतरवलं आणि आत नेलं. तिचा आवाज ऐकला, हात हातात घेऊन पाहिला, मग तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या भुवयांची टोकं कुठं गेली?"

राहीनं बोटं लावून पाहिलं. खरोखरच भुवया अर्ध्यातच संपत होत्या. इतक्या वर्षांत घरात कोणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. बाईंनी तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर छोट्या हातोडीनं मारलं. पाऊल हललं आणि मग सावकाश, अगदी सावकाश जागेवर आलं. काकांना हसू आवरेना. "पायसुद्धा इचार करून हलतोय," ते म्हणाले. शेवटी बाईंनी तिचा गळा चाचपला, तिला पाणी गिळायला लावलं, आणि सगळं नीट विचारून घेतलं. पाळीचंही विचारलं. राहीनं खाली मान घालून सांगितलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "गळ्यात इथे पुढच्या बाजूला एक गाठ सगळ्यांनाच असते. थायरॉईड म्हणतात तिला. ती रक्तात एक रस सोडते. अंगाची ऊब, झोप, केस, आवाज, सगळं त्या रसावर चालतं. बाईची पाळीसुद्धा. तुझी गाठ मंदावली आहे. पाळीच धड येत नाही, तर मूल राहणार कसं?"

राहीनं गळ्यावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाली, "मंजे मी वांझ नाय?"

"कोण म्हणतं वांझ? तू नुसती थंडावली आहेस."

काका पुढे हे सांगताना दर वेळी इथे थांबायचे आणि नाक पुसायचे.

बाईंनी गोळ्या दिल्या. त्या विलायतेहून येत, मेंढीच्या गळ्यातल्या तशाच गाठीपासून केलेल्या. अगदी थोड्यापासून सुरुवात करायची आणि दर गवताच्या गाडीबरोबर येऊन तब्येत दाखवायची असं त्यांनी बजावलं. काकांनी विचारलं, "विलायतची मेंढी? मंग ही आता विंग्रजीत वरडंल का?" बाई मोठ्यानं हसल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खाता काय तुम्ही? मासळी?"

राहीनं मान वर केली. ह्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. "पाच वर्सं झाली, हात लावला नाय. नवस हाय."

बाईंच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांनी समजावून सांगितलं की ह्या गाठीला काम करायला आयोडीन नावाची एक वस्तू लागते, अगदी कणभर. समुद्रात ती भरपूर असते, पण डोंगराकडच्या मातीतून पावसानं धुऊन जाते. डोंगराकडच्या माणसाला ती मिळते मुख्यतः त्या सुक्या मासळीतूनच. "मूल व्हावं म्हणून तू नेमकं तेच सोडलंस," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकांनी हे आजीला सांगितलं. देवजीमामा दोन दिवस वाट पाहून, ठमीसाठी पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं कबूल करून गेला होता. आजीनं सगळं ऐकलं. "मंजे मी देवीकडं पोर मागत व्हते, आन मीच वाट अडवून बसले व्हते?" तिनं विचारलं. सकाळी उठून तिनं स्वतः बोंबील भाजला आणि राहीपुढे ठेवला. "नवस मी बोलायला लावला, मीच मोडते. खा."

राहीनं ताट मागे सारलं. "शबुद मी दिलाय. पोर झाल्याबिगर नाय."

"अगो पन त्यानंच तर..."

"मोडला आन पोर झालं, तर देवी मागं मागून घेईल. मंग पोर तुमी आनून देशाल?"

आजीनं ताट उचललं. आमच्या घराण्यात हट्टीपणा कुठून आला हे मला कोणी विचारलं, तर मी ह्या सकाळकडे बोट दाखवतो. गोळ्या मात्र राही नेमानं घेत होती. आणि त्या पावसाळ्यात घोंगडी खुंटीवर गेली. आवणीच्या दिवसांत एक सकाळ अशी आली की रांगेतल्या बायका गप्पा मारत असताना राहीनं सवयीनं पहिली ओळ उचलली, आणि आवाज आला! अजून थोडा जाड होता, पण तिचा होता. बांधावर नथू, म्हणजे माझे वडील, रोपांच्या मुठी घेऊन येत होते. त्यांनी मुठी तिथेच टाकल्या आणि आईला सांगायला घरी पळाले. पाळीही येऊ लागली. सगळे सुखात होते.

मग लढाई लागली. आमच्या वाडीचा आणि विलायतेच्या लढाईचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण गोळ्या आगबोटीनं यायच्या. पुढच्या थंडीत शेवंताबाईंनी शिल्लक होत्या त्यातल्या थोड्या दिल्या आणि सांगितलं, "पुढच्या आगबोटीची खात्री नाही. आता तुझं औषध तुमच्या मुरबाडच्या बाजारातच आहे." राही तरीही नाहीच म्हणाली. गोळ्या संपल्या आणि होळीच्या सुमारास तिनं खुंटीवरची घोंगडी पुन्हा काढली. आजीनं ती घोंगडी पाहिली. तुळशीचं लग्न समोर दिसत होतं, आणि ठमीही दिसत होती.

आजी एक दिवस दारातच बसून राहिली. चूल नाही, भाकरी नाही. संध्याकाळी उठली ती हसतच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोंबलाचं झणझणीत कालवण केलं, दोन बोंबील भाजले, ताटात भाकरीबरोबर मांडले, आणि डोक्यावर पदर घेऊन ताट थेट गावदेवीला घेऊन गेली. देवीपुढे ताट ठेवून मोठ्यानं म्हणाली, "आई, माजी अक्कल थोडी पडली. तुला कोंबडं-बकरं चालतंय, मंग ह्ये बी चालंल. तू जेव पोटभर. उरंल त्यो परसाद."

आणि ताट तसंच्या तसं परत आणून राहीपुढे ठेवलं.

राहीनं ताटाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "ह्यो डाव हाय तुमचा."

"माजा नाय. देवीचा परसाद हाय. नाय म्हन तिला, माज्यासमोर म्हन."

प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे प्रसाद नाकारणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. राहीनं बोंबील उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. भक्तीनं मिटले असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. काका म्हणत, भक्ती नव्हे, चव.

मग रोजचाच नेम झाला. आजी रोज ताट घेऊन देवीला जायची. पावसाळा लागला तर इरलं डोक्यावर घेऊन, चिखल तुडवत. गावातली मांजरं तिच्या वाटेवर येऊन बसू लागली. काका म्हणायचे, देवीसुद्धा कंटाळली असेल, रोज बोंबील खाऊन. राहीचं अंग हलकं झालं, गळ्याची सूज उतरली, पोतीतला वाढवलेला दोरा आजीनं स्वतः काढून टाकला. आवणीला त्या वर्षी राहीच्या मागे बायकांची दमछाक झाली.

आश्विन संपत आला होता. आजीनं नेहमीप्रमाणे देवीचं ताट आणून राहीपुढे ठेवलं. राहीनं बोंबील तोंडाजवळ नेला आणि ताट ढकलून परसात पळाली. आजी संतापली. "परसाद लोटलास? देवीचा परसाद?" ती ओरडतच मागे गेली. राही आंब्याच्या बुंध्याला धरून ओकत होती. मान वर करून म्हणाली, "वास सोसंना झालाय, आती. काय करू?"

जिला आयुष्यात कधी बोंबलाचा वास जड झाला नव्हता, तिला तो सोसेना झाला होता. आजी जागच्या जागी उभी राहिली. मागच्या वेळी वाडीभर सांगत सुटलेली ही बाई, ह्या वेळी तिनं तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही. पोटात एवढी मोठी बातमी घेऊन ती गप्प राहिली. माझ्या मते तिच्या आयुष्यातली हीच सगळ्यात कठीण कामगिरी.

तुळशीचं लग्न लागलं आणि देवजीमामा हजर. "चल, ठमीकडं बोलनी करू."

"दोन म्हयने थांब," आजी म्हणाली.

"कशापायी?"

आजी ओठ घट्ट मिटून बसली. मामा चिडला, वाटेल ते बोलला. शेवटी काका उठले आणि म्हणाले, "मामा, ठमीला चांगला पोरगा बघ. तिच्या हळदीला धवले म्हनायला माजी राही येईल." मामानं जेवणही केलं नाही, तरातरा निघून गेला.

काका राहीला कल्याणला घेऊन गेले. शेवंताबाईंनी तपासलं आणि हसून मान हलवली, ह्या वेळी होकाराची. मग कपाट उघडून गोळ्यांची एक बाटली काढली. ती त्यांनी ह्याच दिवसासाठी मागे ठेवली होती. पोटातल्या जीवाला ह्या दिवसांत तो रस जास्त लागतो, असं त्या म्हणाल्या. काका तिथेच टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात पडले. त्या खेपेचं गवत त्यांनी फुकट टाकलं.

माघात ठमीचं लग्न झालं, वैशाखऱ्यालाच, एका चांगल्या तरण्या शेतकऱ्याशी. राही सहाव्या महिन्याचं पोट घेऊन हळदीला गेली आणि पहिली ओळ तिनं उचलली. मांडवाबाहेरचे गडी आत आले. देवजीमामाही आला. त्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितलं की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं. ठमी हळदीनं माखलेली होती, तिनं राहीचा हात धरून कानात सांगितलं, "बायो, तुज्या पोटातल्यानं मला सवतीच्या घरातून वाचवली." दोघी इतक्या हसल्या की धवल्याची पुढची ओळ चुकली.

ज्येष्ठात मुलगी झाली. धोंडूबाईनं तिला उलटी धरून पाठीवर चापट दिली तेव्हा तिनं असा सूर काढला की आजी बाहेरून ओरडली, "गळा आईचा हाय गो!" नाव ठेवलं गोदू. त्यानंतर वाडीतल्या मूल नसलेल्या बायका आजीकडे बोंबलाचं ताट मागायला यायला लागल्या. आजी त्यांना हाकलायची. "बोंबलानं पोरं व्हत नायत. हिची गाठ रुसली व्हती. तुजी रुसलीय का, त्ये आधी कल्यानला जाऊन दाखीव."

बारशाच्या दिवशी सकाळी आजीनं शेवटचं ताट देवीला नेलं. नवस फिटला होता. ताट तिनं तिथेच ठेवलं, वाटेवरच्या मांजरांना. संध्याकाळी पाळणा म्हणून झाला, पाहुणे पांगले. राही गोदूला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. आजी चुलीपाशी वाकून काहीतरी करत होती. मग ती उठली आणि निखाऱ्यावरून नुकताच काढलेला, कडा जळलेला एक बोंबील नुसत्या हातावर घेऊन सुनेसमोर आली. ताट नव्हतं. राहीनं सवयीनं तो कपाळाला लावायला हात वर नेला.

आजीनं तिचा हात धरला. "असाच खा गो," ती म्हणाली. "ह्यो देवीचा नाय. तुजा."